संडे स्कूलमधल्या छोट्या मुलांना अपंगत्वाबद्दल कसं शिकवायचं: माझ्या चुकांसकट सगळं

माझा भाचा साडेचार वर्षांचा असताना पहिल्यांदा आमच्या संडे स्कूलमध्ये आला. सेरेब्रल पाल्सी आहे त्याला, वॉकर घेऊन चालतो. तो दारातून आत आला तशी पहिल्या सतरंजीवर बसलेल्या एका मुलीनं मोठ्यांदा विचारलं, "तुझे पाय झोपलेत का?" आणि मी, नऊ वर्षं शिकवणारी टीचर आणि त्याची सख्खी मावशी, काय बोलले तर "शूऽऽ! असं विचारू नये!" सगळा वर्ग गप्प झाला, मुलं खाली बघायला लागली. भाचा मात्र त्या मुलीकडे बघून आरामात म्हणाला, "झोपले नाहीत, ते उशिरा ऐकतात." ती म्हणाली "अच्छा", आणि सरकून त्याला जागा करून दिली. बास, एवढंच. त्या दोघांचा विषय तिथंच संपला, माझा मात्र अजून संपलेला नाही.

घरी आल्यावर मला बायबलमधला बार्तीमय आठवला. मार्क १०:४६ पासून वाचा, तो आंधळा माणूस यरीहोच्या रस्त्याला बसून ओरडतोय आणि आजूबाजूचे लोक त्याला काय म्हणतात, तर गप्प बस. म्हणजे त्या गोष्टीत "शू" म्हणणारी ती गर्दी असते ना, त्या गर्दीत मी उभी होते, हातात बायबल घेऊन.

त्यानंतर दोन वर्षं मी हा विषय लहान मुलांना, म्हणजे तीन ते अकरा वयाच्या, शिकवतेय. चुका भरपूर केल्या. तुम्ही नवीन टीचर असाल, व्हीबीएस म्हणजे सुट्टीतल्या बायबल वर्गासाठी धडे तयार करत असाल, किंवा वसईकडे कॅटेकिझमच्या (कॅथलिक धर्मशिक्षणाच्या) वर्गाला शिकवत असाल, किंवा घरीच आपल्या मुलांशी यावर कसं बोलावं असं वाटत असेल तर हे वाचा, निदान माझ्याच चुका परत करू नका.

१. आधी स्वतःची भाषा तपासा

मुलांच्या आधी आपली. एक आठवडा कागद घेऊन बसा आणि आपण काय काय बोलतो ते लिहा. माझ्या कागदावर आलं होतं: बिचारा, देवाघरचं फूल, नॉर्मल मुलं, "चांगल्या" मुलांसारखा, आणि एकदा चक्क "त्याच्याकडे बघून देवाचे उपकार माना". हे शेवटचं तर फार वाईट आहे, कारण ज्याच्याकडे बघून उपकार मानायचे तो तिथंच बसलेला असतो आणि त्याला कान असतात.

मग बोलायचं काय? सरकारी शब्द दिव्यांग आहे, काहींना आवडतो, काहींना अजिबात नाही. माझ्या ओळखीचे एक दृष्टिहीन काका म्हणतात मला आंधळा म्हण पण दिव्य म्हणू नकोस, माझ्यात दिव्य काही नाही, मला फक्त बस कुठली आली ते सांग. त्यामुळे नियम एकच, ज्याचा त्याला विचारा. मुलांसमोर सरळ वर्णन करा: "तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती कानात मशीन लावते." "तो व्हीलचेअर वापरतो." मतिमंद हा शब्द सोडा, त्याऐवजी "त्याला शिकायला जास्त वेळ लागतो" म्हटलं की पाच वर्षांच्या मुलालाही समजतं.

आता अडचण अशी की आपल्या बायबलमध्येच आंधळे, लंगडे, व्यंग, मुके, बहिरे असे शब्द आहेत. शास्त्रवचन वाचताना मी ते बदलत नाही, पण वाचून झालं की सांगते, "ही जुनी भाषा आहे, आपण वर्गात कुणाला या नावानं हाक मारत नाही." माणसाला त्याच्या नावानं हाक मारायची. चकण्या, तोतऱ्या, लंगड्या ही टोपणनावं आमच्या गल्लीत अजून चालतात, म्हणून हे स्पष्ट सांगावंच लागतं.

यावर एका सात वर्षांच्या मुलानं मला विचारलं, "टीचर, मग लंगडी खेळायची का नाही?" खेळायची रे बाबा. आंधळी कोशिंबीर पण खेळायची. खेळाचं नाव वेगळं आणि माणसाचं नाव वेगळं. उगाच एवढंही ताणू नका की मुलांना बोलायचीच भीती वाटेल, नाहीतर परत "शू"च झालं की.

२. वर्गात अपंग मूल असेल तर आधी त्याच्या घरी जा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. धडा तयार, चार्ट तयार, आणि मग त्या बिचाऱ्या (बघा, आलाच शब्द) मुलाला अचानक सगळ्यांसमोर उदाहरण बनवलं जातं. तसं करू नका. फोन नको, घरी जा, चहा घ्या, आणि आईवडिलांना हे विचारा:

- मुलाबद्दल वर्गात बोललेलं चालेल का? चालणार असेल तर कोणते शब्द वापरायचे?
- मुलाला स्वतःला काय वाटतं? (चार वर्षांच्या पुढं त्याला स्वतःला विचारा, आईच्या तोंडून नको.)
- मदत कुठं लागते आणि कुठं नको असते? भाच्याला जिना चढताना हात लागतो पण खाऊचा डबा स्वतःच उघडायचा असतो, दहा मिनिटं लागली तरी.
- त्रास कशानं होतो? आवाज, गर्दी, उजेड, कुणी अचानक हात लावणं?
- फिट येते का? आली तर काय करायचं, कुठली औषधं, कुणाला फोन?

"नको, त्याच्याबद्दल काही बोलू नका" असं आईनं सांगितलं तर विषय संपला. धडा तरी घ्या, पण त्या मुलाचं उदाहरण न देता.

जाता जाता एक. घरी गेलात की विचारा युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, त्यात स्वमग्नता (ऑटिझम) आहे, थॅलेसेमिया आहे, कुष्ठरोगातून बरे झालेले लोक पण आहेत, आणि बऱ्याच घरांना आपलं मूल त्यात बसतं हेच माहीत नसतं. कार्डाचा फॉर्म ऑनलाइन भरतात, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि असतील ते जुने रिपोर्ट जवळ ठेवायचे, मग तपासणीला सरकारी दवाखान्यात जावं लागतं. त्या दिवशी आईसोबत लाइनीत उभं राहायला चर्चमधलं कुणी गेलं तर त्या घराला ते किती वर्षं लक्षात राहतं हे मी माझ्या ताईच्या घरी बघितलंय. तिच्यासाठी रोज प्रार्थना करणारे खूप होते, लाइनीत एकच बाई आली.

३. गोष्ट वयाप्रमाणे निवडा

तीन ते पाच वर्षं: मार्क २ मधली गोष्ट, दारात गर्दी म्हणून चौघांनी छपरातून येशूसमोर खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाची. हीच गोष्ट लूकमध्ये कौलारातून बाजेसकट सोडलं अशी आहे, मुलांना बाज माहीत नसते म्हणून खाट म्हणा. मी चपलेच्या बॉक्सचं घर करते, वर पुठ्ठ्याची कौलं, काडेपेटीची खाट, चार कोपऱ्यांना दोरे, आणि चार मुलं एकेक दोरा धरतात. एकानं घाई केली की खाट वाकडी होते आणि आतला मातीचा माणूस पडतो, मग सगळे ओरडतात "हळूऽऽ!" चौघांनी मिळून काम करायचं ते त्यांना तिथंच कळतं, मला वेगळं सांगावं लागत नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. एकदा दोरे सोडून एका मुलीनं विचारलं, "दारात उभे होते त्या लोकांनी बाजूला का नाही सरकलं?" मी इतकी वर्षं ही गोष्ट चार चांगल्या मित्रांची म्हणून शिकवत होते आणि दार अडवून उभ्या असलेल्या लोकांकडे कधी लक्षच दिलं नव्हतं, आणि ते सगळे वचन ऐकायलाच आलेले होते, म्हणजे आपल्यासारखेच. आता हा प्रश्न मीच विचारते. उत्तरं भारी येतात. "त्यांना दिसलं नसेल." "त्यांची जागा गेली असती." "त्यांना वाटलं असेल दुसरा कुणीतरी सरकेल."

सहा ते आठ: बार्तीमय, त्याच्यावर खाली वेगळं लिहिते. आणि मफीबोशेथ (२ शमुवेल ४:४ आणि ९ वा अध्याय). शौल राजाचा हा नातू पाच वर्षांचा असताना पळापळीत दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. दाईनं मुद्दाम नाही टाकलं, हे नक्की सांगा, कारण घरोघरी आया स्वतःला दोष देत बसलेल्या असतात. मोठा झाल्यावर दावीद राजा त्याला शोधून आणतो, त्याच्या आजोबांची जमीन परत देतो आणि रोज आपल्या मेजावर जेवायला बसवतो. अध्यायाच्या शेवटच्या वचनातसुद्धा तो दोन्ही पायांनी अधूच आहे आणि राजाच्या पंगतीला जेवतोय. मुलांना पाट, ताटं मांडू द्या आणि विचारा, याला बसायला सोपं जावं म्हणून ताट कुठं ठेवाल?

नऊ ते अकरा: मोशे (निर्गम ४:१०-११), बोलायला अडखळणारा पुढारी. योहान ९ मधला जन्मापासून आंधळा माणूस. आणि लेवीय १९:१४, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत ठेच लागेल असं काही ठेवू नको. या वयाच्या मुलांना नियम आवडतात आणि तो मोडणारा पकडायला त्याहून आवडतं. आमच्या पोरांनी पुढच्याच रविवारी चर्चच्या दारात आडव्या लावलेल्या तीन बाइक शोधून काढल्या, त्यातली एक पाळक साहेबांची होती.

४. बार्तीमय सांगताना घाई करू नका

आपण ही गोष्ट "आणि त्याला दिसायला लागलं!" या टाळीच्या वाक्याकडे पळवतो. थांबत थांबत सांगा. मी वर्गाचे दोन भाग करते, अर्धे गर्दी आणि अर्धे रस्त्यावरचे. गर्दीनं "गप्प बस" म्हणायचं. मग येशू थांबतो. मग तो सांगतो त्याला बोलवा, म्हणजे ज्यांनी गप्प केलं त्यांनाच जाऊन बोलवून आणायला लावतो. हे मुलांना फार आवडतं, आत्ता ओरडणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आणि मग १०:५१. समोर आंधळा माणूस उभा आहे, त्याला काय हवं असेल हे शेंबड्या पोरालाही कळेल, तरी येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? इथं थांबा. मुलांना विचारा, येशूला माहीत नव्हतं का? माहीत असून का विचारलं? एका मुलाचं उत्तर होतं, "कारण आधी सगळे त्याला गप्प करत होते, येशूला त्याचा आवाज ऐकायचा होता."

माझ्या मते लहान मुलांना करुणा शिकवायची असेल तर हे एकच वचन पाठ करून घेतलं तरी पुरे. बायबलमध्ये शब्द येतो कळवळा, लोकांना पाहून येशूला त्यांचा कळवळा आला. कीव आणि कळवळा यातला फरक मी मुलांना असा सांगते: कीव लांब उभी राहून "अरेरे" म्हणते, कळवळा जवळ येतो आणि विचारतो, काय करू?

५. "मग येशूनं याला का बरं केलं नाही?"

हा प्रश्न येणारच, पहिल्याच धड्याला येईल, आणि बहुतेक वेळा ते मूल समोर बसलेलं असतानाच. तयारी करून जा. मी पहिल्यांदा अडकले आणि "देवाची वेळ आली की करेल" असं बोलून गेले, आणि मग भाचा दोन आठवडे रोज सकाळी उठून ताईला विचारायचा, आज वेळ आली का? त्या दोन आठवड्यांबद्दल ताईनं मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही आणि बरोबर आहे तिचं.

आता मी म्हणते, "मला माहीत नाही." टीचरला माहीत नसलं तर मुलांना चालतं, आपल्यालाच चालत नाही. त्यानंतर तीन गोष्टी सांगते.

पहिली, ही शिक्षा नाही. योहान ९:२-३ मध्ये शिष्य विचारतात पाप कुणी केलं, यानं का याच्या आईबापांनी, आणि येशू म्हणतो, यानंही नाही आणि आईबापांनीही नाही. हे मुलांकडून मोठ्यानं म्हणून घ्या कारण घरी आजी दुसरं काही सांगत असते. आपल्या ख्रिस्ती घरांमध्येसुद्धा "ग्रहणात आईनं भाजी चिरली म्हणून ओठ फाटला" असलं अजून चालतं, उपास कमी पडले, विश्वास कमी पडला हेही चालतं.

दुसरी, बायबलमध्ये बरे न झालेले पण पुष्कळ आहेत. देवानं मोशेची जीभ मोकळी केली असं कुठं लिहिलेलं नाही, सोबतीला भाऊ अहरोन दिला. याकोब लंगडत राहिला. मफीबोशेथचं वर आलंच. पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, उत्तर मिळालं माझी कृपा तुला पुरे आहे. आणि पुन्हा उठलेल्या येशूच्या हातावरचे व्रण तसेच होते, थोमा या शिष्याला त्यानं तेच दाखवले.

तिसरी, भाचा आत्ता आहे तसाच आपल्या वर्गाचा आहे. बरा झाल्यावर होणार आहे असं नाही.

इथं एक मोठा धोका सांगते. बाहेरून आलेले एक वक्ते आमच्याकडं एकदा वर्गात शिरले, त्यांना वॉकर दिसला, आणि कुणाला काही न विचारता त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्या आवाजात बरं होण्याची प्रार्थना सुरू केली, मग म्हणाले, आता चाल. तो चालला नाही, रडला. बाकीच्या मुलांना वाटलं त्यानंच काहीतरी चूक केली. प्रार्थनेला माझी ना नाही, मी स्वतः करते, पण मुलाला आणि आईला विचारून, हळू आवाजात, आणि त्याला शो न बनवता. तुमच्या वर्गात असं कुणी आलं तर मध्ये उभं राहायची हिंमत ठेवा. मी त्या दिवशी नाही राहिले.

आणि मार्क ९ मधली फिट येणाऱ्या मुलाची गोष्ट लहान वर्गाला सांगूच नका. तिथं अशुद्ध आत्मा येतो, आणि वर्गात एखाद्याला फेफरं असेल तर दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं त्याला भुताचा म्हणणार, अगदी खात्रीनं. फिटबद्दल शिकवायचंच तर हे शिकवा: मोठ्या माणसाला हाक मारायची, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा चप्पल काही हुंगवायचं नाही, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन.

६. डोळे बांधायचा खेळ नको

प्रत्येक नवीन टीचरला हीच आयडिया सुचते, मलाही सुचली होती. मुलांचे डोळे रुमालानं बांधले आणि वर्गात चालायला लावलं. दोघं बाकावर आपटले, एक रडली, आणि शेवटी विचारलं काय शिकलात तर म्हणे, "आंधळं असणं फार भयानक असतं, बरं झालं आपण नाही." म्हणजे मला नेमकं जे नको होतं तेच शिकवून बसले. पाच मिनिटं डोळे बांधलेल्याला फक्त अंधार कळतो, वर्षानुवर्षं तसं जगणाऱ्याला काठी, कान, पायाखालची फरशी, रोजचा रस्ता यातलं किती काय काय येतं ते कुठं कळणार.

त्यापेक्षा हे करा:

ब्रेल. एखादं जुनं ब्रेल पान मिळालं तर उत्तमच, नाहीतर जाड कार्डशीटवर बोथट सुईनं उलट्या बाजूनं टोचून सहा टिंबांचं एक घर बनवा आणि मुलांना आपल्या नावाचं पहिलं अक्षर बोटानं वाचू द्या. लुई ब्रेलची गोष्ट सांगा, तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानातली आरी डोळ्याला लागली, पुढं त्यानंच ही लिपी बनवली आणि तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा हे आमच्या कीबोर्डवाल्या पोरांना भलतंच आवडलं.

खुणा. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे, कर्णबधिर लोकांची टाळी अशी असते. भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश व्हिडिओसकट ऑनलाइन आहे, १०,००० शब्दांचा, त्यातून एका रविवारी तीनच शब्द घ्या. जवळपास कुणी कर्णबधिर व्यक्ती असेल तर त्यांनाच शिकवायला बोलवा, आणि रिक्षाभाडं द्या.

मदतीचा सराव. जोड्या करा, एकजण विचारणार, दुसरा हो किंवा नाही म्हणणार. "नको" म्हटलं की बाजूला व्हायचं, रुसायचं नाही. मोठ्यांना हे मुलांपेक्षा जड जातं. वर्गाच्या भिंतीवर आमची यादी आहे, मुलांनीच लिहिलेली:

- आधी विचारा, मग हात लावा.
- वॉकर, काठी, व्हीलचेअर ही खेळणी नाहीत, लटकायचं नाही.
- दिसत नाही त्यांना ओढायचं नाही, आपला हात पुढं करायचा, ते धरतील.
- ऐकू कमी येतं त्यांच्या समोर येऊन बोला, ओरडू नका.
- अडखळणाऱ्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. (इथं कंसात कुणीतरी लिहिलंय, "टीचर तुम्ही पण.")

७. हीरो बनवू नका, पण आपली माणसं जरूर सांगा

दुसरा खड्डा असा की कीव टाळायला जाऊन आपण एकदम सुपरहीरोच्या गोष्टी सांगायला लागतो, अमकीला दिसत नव्हतं तरी तिनं हजारो गीतं लिहिली वगैरे. गोष्टी खऱ्या असतात, पण वर्गातल्या मुलाला वाटतं आता मलापण काहीतरी भारी करून दाखवावं लागणार, नुसतं चित्र रंगवत बसलेलं चालणार नाही.

मी पंडिता रमाबाई सांगते. त्यांचा फोटो आपल्या निम्म्या चर्चमध्ये असतो पण त्यांना ऐकू कमी यायचं हे फार कमी जणांना माहीत असतं. १८८३ ला त्या डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या आणि कानांमुळं ते शिक्षण त्यांना मिळालं नाही. मुलांना हे सांगितलं की ती चिडतात, "असं कसं!" चिडू द्या, चांगलं आहे. पुढं त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि तिथं अंध बायकामुलींसाठी वेगळं घर काढलं, त्याला नाव दिलं बार्तीमी सदन. बार्तीमयावरूनच. त्यांची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून तिथं शिकवायची. आणि मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. पुण्या-नगरकडच्या चर्चमधून केडगावला एका दिवसात जाऊन येता येतं, पण अपंग माणसं बघायला म्हणून मुलांना कुठंही नेऊ नका, बिस्किटचे पुडे वाटून फोटो काढायला तर मुळीच नाही. जायचं तर आधी फोन करून विचारा, एकत्र गाणी म्हणायला किंवा खेळायला येऊ का. नाताळच्या आठवड्यात तर नकोच, त्या आठवड्यात सगळेच जातात.

८. वर्गाची खोली बदला

इतकं सगळं शिकवून वर्ग पहिल्या मजल्यावर असेल तर काय उपयोग. आमचा होता. आता खाली किचनशेजारी आणलाय, भजी तळतात त्या रविवारी जरा गोंधळ होतो.

ऐकू कमी येणारं मूल असेल तर टीचरनं खिडकीकडं पाठ करून उभं राहायचं नाही, तोंडावर अंधार येतो आणि ओठ दिसत नाहीत. स्वमग्न मुलासाठी एक कोपरा शांत ठेवा, चटई आणि एक उशी, आणि ढोलकी तंबोरिन सुरू व्हायच्या आधी त्याला सांगा. नाताळच्या नाटकात अपंग मुलाला मेंढरू करून कोपऱ्यात बसवायचं ही आपली परंपरा आहे, ती बंद करा. त्यालाच विचारा काय व्हायचंय. भाच्यानं हेरोद मागितला. वॉकरला सोनेरी कागद लावून हेरोद राजा आला आणि असला दम दिला त्यानं मागी लोकांना (बाळ येशूला शोधत आलेल्या ज्ञानी लोकांना) की पुढच्या लाइनीतलं एक बाळ रडायला लागलं.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक काम, टेप घेऊन चर्चच्या पायऱ्या मोजा. रॅम्पचं साधं गणित आहे, उंचीच्या बारापट लांबी. आमच्या तीन पायऱ्या, एकेक १५ सेंटिमीटर, म्हणजे ४५, गुणिले १२, म्हणजे ५ मीटर ४० सेंटिमीटर. पाचवीच्या मुलांनी खडूनं अंगणात तेवढी रेघ मारली तेव्हा कळलं की ती सरळ पार्किंगमध्ये जाते, म्हणून त्यांनी मध्ये वळण काढलं. तो खडूचा रॅम्प चर्चच्या पंचांच्या मीटिंगच्या दिवशीपर्यंत राहावा म्हणून पोरं रोज येऊन परत गिरवत होती.

सामान आणि कागद, एका ठिकाणी

- बायबल, आणि सोप्या मराठीत तुम्ही स्वतः लिहिलेली गोष्ट (वाचून दाखवू नका, सांगा)
- चपलेचा बॉक्स, पुठ्ठा, काडेपेटी, दोरा, मातीचा माणूस
- जाड कार्डशीट, बोथट सुई, खाली ठेवायला जुना टॉवेल
- मोजायची टेप, खडू
- मोबाईलवर सांकेतिक भाषेचे तीन व्हिडिओ आधीच डाउनलोड केलेले, चर्चमध्ये रेंज नसते
- पालकांची संमती, साध्या वहीच्या पानावर सहीसकट चालेल, फोटो काढायची परवानगी वेगळी घ्या
- ज्या मुलांना गरज आहे त्यांचं एक पान: औषधं, अ‍ॅलर्जी, फिट, फोन नंबर. हे पान टीचरच्या बॅगेत, भिंतीवर नाही
- दुसरी मोठी व्यक्ती वर्गात. एकटीनं हे सगळं करू नका, एकाला शांत कोपऱ्यात नेलं तर बाकीचे वीस जण छपरावर चढतात, बार्तीमय राहतो बाजूला

रॅम्पचं म्हणाल तर पंचांनी हंगामाच्या सणाच्या वर्गणीनंतर बघू म्हटलंय. खजिनदार काका खडूच्या रेघेवर आडवी स्कूटर लावून मीटिंगला गेले होते. मुलांनी त्यांना बाहेर आल्यावर लेवीय १९:१४ म्हणून दाखवलं, सगळ्यांनी एकदम, पाठ होतं.